रांगेत शेवटी थांबणारं पोरगं

कीर्तन संपलं की आरती होते, पसायदान होतं आणि पाया पडायला रांग लागते. पंगती बसायच्या असतात, त्यामुळे रांग भराभर सरकते. त्या रांगेत एखादं पोरगं मुद्दाम मागं राहतं. दोघातिघांना पुढं जाऊ देतं, चपला शोधल्यासारखं करतं, पुन्हा येऊन उभं राहतं. माउली, त्याच्यावर नजर ठेवा. त्याला नुसतं पाया पडायचं नसतं.

मी जुन्नर तालुक्यातला, माळकरी घरातला. सव्वीस वर्षं कीर्तन करतोय. हे लिहितोय ते माझ्यासारख्याच महाराज मंडळींसाठी, गुरव-पुजाऱ्यांसाठी. मशिदीतल्या मौलानांना किंवा चर्चमधल्या फादरना उपयोगी पडलं तर तेही आपलेच. मी डॉक्टर नाही. एका मुलाच्या बाबतीत मी मोठी चूक केली, तिथून शिकत गेलो.

तो तेरा वर्षांचा होता. सप्ताहात मृदंग वाजवायचा, हात गोड होता. पाचव्या दिवशी असाच रांगेत शेवटी आला आणि पायाच्या अंगठ्यानं सतरंजी कोरत म्हणाला, "महाराज, काकड्याला देवापुढं उभा राहिलो ना, की मनात शिव्या येतात. देवालाच. लय घाण."

मी त्याच्या पाठीवर हात ठेवला आणि सांगितलं, "नाम वाढव बाळा. रोज अकरा माळा कर, मन शुद्ध होईल." आणि पंगतीला जाऊन बसलो. पोराला चांगल्या मार्गाला लावलं म्हणून आमटी-भात जरा जास्तच गोड लागला.

दोन महिन्यांनी त्याची आई भेटली. पोरगं रात्री दोन दोन वाजेपर्यंत माळ ओढत बसतंय. मध्ये एक जरी वाईट शब्द मनात आला तरी पुन्हा मेरुमण्यापासून सुरुवात. माळेला हात लावायच्या आधी हात धुतो, धुतलेला हात कुठं लागला असं वाटलं की परत धुतो. बोटांची सालं निघालीत. शाळेत जाऊन झोपतो. आई म्हणाली, "तुम्हीच सांगितलं म्हणून आम्ही काही बोललो नाही."

माझी बहीण ग्रामीण रुग्णालयात नर्स आहे. तिला फोन केला तर ती ऐकून घेऊन म्हणाली, "दादा, हा मंत्रचळ आहे. याला औषध असतं. तू माळा वाढवून आगीत तेल ओतलंस." मंत्रचळ हा शब्द आपल्या आज्या सोवळंओवळं अति करणाऱ्या बाईला हसण्यावारी लावायच्या. डॉक्टर त्याला ओसीडी म्हणतात. त्यात नको तो विचार मनात घुसतो, आणि ज्याला जे सगळ्यात पवित्र त्याच्याबद्दलच पुष्कळदा घुसतो. मग तो धुऊन काढायला माणूस काहीतरी करत सुटतो: मोजतो, धुतो, माफी मागतो. घटकाभर बरं वाटतं, आणि त्या बरं वाटण्यानंच पुढचा फेरा घट्ट होतो. मी त्याला दिलेल्या अकरा माळा म्हणजे त्या फेऱ्यालाच दिलेला खुराक.

ही गोष्ट आधी सांगायचं कारण असं की हा आजार डॉक्टरच्या आधी आपल्याकडे येतो. पोराला ते पाप वाटतं, आणि पाप घेऊन कोणी दवाखान्यात जात नाही. म्हणून असं पोरगं आलं तर काय करायचं ते नीट लक्षात ठेवा. दचकू नका. "शिव शिव" म्हणू नका. कोणत्या शिव्या ते विचारू नका. म्हणा, "असं पुष्कळ जणांना होतं. विचार आला म्हणजे तू केलास असं नाही, आणि देव यावर रागावत नाही." हे एकदाच म्हणायचं. तो रोज येऊन "महाराज, खरंच पाप नाही ना?" विचारायला लागेल, प्रत्येक वेळी "नाही रे" म्हणत बसलात तर तुमचं "नाही"च त्याची नवी माळ होईल. दुसऱ्यांदा विचारलं की सांगा, "याचं उत्तर मी दिलंय. आता आपण डॉक्टरकडे जायचंय." जप, उपवास, प्रदक्षिणा, काहीही वाढवून देऊ नका. माझ्या त्या मुलाला जिल्हा रुग्णालयातल्या मानसोपचार विभागात नेलं. गोळ्या सुरू झाल्या, आणि एक सराव: विचार आला तरी माळ मागं न्यायची नाही, भीती वाटली तर वाटू द्यायची, आपोआप उतरते. डॉक्टरांनी मला निरोप पाठवला की महाराजांनी स्वतः सांगावं की एकच माळ, आणि चुकली तरी पुढं जायचं. मी सांगितलं. डॉक्टरांनी महिनाभर सांगून जे होत नव्हतं ते माझ्या एका वाक्यानं सुरू झालं. आपल्या शब्दाला वजन आहे, माउली. विष व्हायलाही तेवढंच आहे.

बसायचं कुठं, बोलायचं काय

पोरगं बोलायला आलं तर त्याला खोलीत नेऊ नका. सभामंडपाच्या कडेला, पायरीवर, पारावर बसा, जिथं चार लोकांना दिसतं पण ऐकू जात नाही. पोराचीही सोय आणि तुमचीही. मुलगी असेल तर तिच्या ओळखीची एखादी बाई नजरेच्या टप्प्यात असू द्या. खुर्चीवर बसून खाली बसलेल्याशी बोलू नका, शेजारी बसा. पहिली पाच मिनिटं दृष्टांत द्यायचा नाही. आपल्या लोकांना हे फार जड जातं, मलाही गेलं. समोरच्यानं दोन वाक्यं बोलली की आपल्या तोंडात ओवी तयार असते. ती गिळायची.

"कुणाला सांगू नका" अशी शपथ पोरगं आधीच घालतं. तसं वचन देऊ नका. मी म्हणतो, "गावात बोलणार नाही. पण तुझ्या जिवाला धोका आहे असं वाटलं तर जो मदत करू शकेल त्याला सांगीन, आणि आधी तुला विचारून सांगीन." आजवर एकही पोरगं यावर उठून गेलेलं नाही.

झोप कशी आहे, जेवण जातं का, मित्रांकडे जातोस का, शाळेत काय चाललंय, एवढं विचारलं तरी चित्र दिसतं. मे महिन्यात पूर्ण बाह्यांच्या शर्टात हात झाकून बसलेलं पोरगं, आवडती वस्तू वाटून टाकणारं पोरगं, नुकतंच "मी नसलो तर बरं" असं सहज बोलून गेलेलं पोरगं दिसलं तर आडवळण नको, सरळ विचारा: "मरावंसं वाटतं का रे?" असं विचारल्यानं त्याच्या डोक्यात ते भरतं, ही भीती खोटी आहे. उलट पोराला वाटतं, चला, कुणीतरी ऐकून तरी घेतंय. "हो" म्हणालं तर त्याला एकटं सोडायचं नाही. घरचं मोठं माणूस येईपर्यंत शेजारी बसायचं, घरातली औषधं-फवारण्या कुलपात टाकायला लावायच्या, आणि त्याच दिवशी दवाखाना. शेतकऱ्याच्या घरात फवारणीची बाटली बाजेखाली असते हे आपल्याला सांगायला नको. पुढं पोलीस केस होईल म्हणून लोक लपवतात. त्यांना सांगा की 2017 च्या मानसिक आरोग्य कायद्यानं असा माणूस प्रचंड ताणाखाली होता असंच धरतात, त्याला शिक्षा करत नाहीत. त्याला उपचार देणं सरकारचं काम आहे.

आपल्या परंपरेत याचा धडा आहेच. लोकांनी बोल लावले म्हणून ज्ञानोबा ताटी लावून आत बसले. चिमुरड्या मुक्ताईनं ती ताटी तोडली नाही, शेजाऱ्यांना गोळा केलं नाही, बाहेर उभी राहून बोलत राहिली. आपण त्यावर दोन-दोन तास निरूपण करतो आणि घरातलं पोरगं दार लावून बसलं की बापाला म्हणतो, दोन लगावून द्या.

"बाहेरचं" म्हणून आलेली मुलं

पंधरा वर्षांची मुलगी अचानक घोगऱ्या आवाजात बोलते, हातपाय ताठ करते, पोरगा एकटाच कुणाशी तरी बोलतो, घाबरतो, "माझ्यावर कुणीतरी नजर ठेवतंय" म्हणतो. घरचे आपल्याकडे येतात, कारण देवऋषीकडे जायचं की दवाखान्यात हे ठरत नसतं. अंगारा लावायचा तर लावा, त्यानं आईला धीर येतो. पण लावतानाच म्हणा, "माझं काम झालं, आता डॉक्टर." फेफरं असेल तर उशीर नकोच. कुणी पोराला बांधलं, मारलं, मिरचीची धुरी दिली तर 2013 च्या जादूटोणाविरोधी कायद्याखाली तो गुन्हा आहे आणि तुम्ही मंडपात बसून बघत होतात हेही लोकांच्या लक्षात राहतं. तामिळनाडूत एरवाडीला 2001 साली आग लागली तेव्हा साखळदंडानं बांधलेली माणसं पळू शकली नाहीत, जळून मेली. तीही देवाच्या दारी बरी व्हायलाच आणलेली होती.

एक उलटी गोष्टही सांगतो. दहावीतली एक मुलगी. सोमवार, गुरुवार, शनिवार आणि एकादशी धरायची. सगळं गाव कौतुक करायचं, मीही एकदा गादीवरून तिचं नाव घेतलं. पोरगी वाळून काडी झाली होती आणि कुणाला दिसत नव्हतं, कारण उपवासाकडे कोण बोट दाखवणार? तिला खायचंच नव्हतं, वार हे निमित्त. वाढत्या वयाच्या मुलांचे उपवास आपण सोडवायचे. "महाराजांनी सोडायला सांगितला" म्हटलं की विषय संपतो. तसंच माळ घातली, आता गोळ्या कशाला, असं म्हणणारे बाप भेटतात. त्यांना तिथल्या तिथं सांगा की गोळी डॉक्टरांनी सांगितल्याशिवाय बंद करायची नाही, विठोबाला गोळीचं वावडं नाही.

गादीवरची जीभ

कीर्तनात हशा हवा असतो, आणि सोपा हशा पोरांवर मिळतो. केस रंगवलेला, कानात बाळी घातलेला, फाटकी जीन्स. मी एकदा पुढं बसलेल्या पोराला उठवून उभं केलं, त्याच्या केसांवर पाच मिनिटं मंडप हसवला. तो पुन्हा कधी देवळात आला नाही. त्याचे वडील आदल्याच वर्षी गेले होते हे मला नंतर कळलं. हजार माणसांसमोर लाजवलेलं पोरगं घरी जाऊन काय करतं हे आपण बघायला नसतो. नाव घेऊन, बोट दाखवून पोरांवर विनोद करायचा नाही, एवढा एक नियम पाळला तरी पुष्कळ. निकालाच्या दिवसांत "नापास झाला तर म्हशी वळा" हा विनोदही सोडा. ज्याची अक्षरं वाचता-लिहिताना गडबडतात, तो मठ्ठ नसतो. अध्ययन अक्षमतेचा दाखला मिळाला तर दहावीच्या परीक्षेत त्याला जादा वेळ मिळतो. हे गादीवरून सांगितलं तर दोन-तीन घरं तरी दुसऱ्या दिवशी मुख्याध्यापकांकडे जातील.

सगळ्यात जपायचं ते दशक्रियेला. बारावीतल्या एका मुलानं जीव दिला होता. घाटावर माझं प्रवचन होतं. पिंड ठेवला, कावळे करंजाच्या झाडावर बसलेले, खाली एकही उतरेना. पंधरा मिनिटं झाली, वीस झाली. चुलते हात जोडून बोलायला लागले, "तुला मोबाइल घेऊन देतो, तुझं कर्ज आम्ही फेडतो." कुणाच्या तरी डोक्यात आलं, "आदल्या दिवशी बहिणीशी भांडला होता ना, तिला माफी मागायला लावा." दहा वर्षांची पोर. तिला दंडाला धरून पुढं आणली. तिनं हात जोडले आणि तिला शब्दच फुटेना.

मी प्रवचन थांबवलं आणि गुरुजींना म्हटलं, दर्भाचा कावळा करा, लावा पिंडाला आणि उरका. गुरुजी शहाणे होते, क्षणात उरकलं. मग त्या पोरीजवळ जाऊन बसलो आणि सगळ्यांना ऐकू जाईल अशा आवाजात सांगितलं की तिच्या भांडणानं काही झालेलं नाही, भावंडं भांडतातच, आणि कावळा भुकेला असला की येतो. आता असं प्रवचन असलं की मी गुरुजींशी आधीच बोलून ठेवतो: दहा मिनिटं वाट बघायची, मग दर्भ.

प्रवचनात कसं गेला, कुठं गेला, काय घेतलं, यातलं काही येऊ द्यायचं नाही. "फोन दिला नाही म्हणून", "मार्क कमी पडले म्हणून" असं एका ओळीचं कारण सांगायचं नाही. एका कारणानं कोणी जात नाही, आणि बसलेल्या पोरांपैकी कुणाला तरी तेच कारण लागू असतं. "सुटला बिचारा" म्हणायचं नाही, कारण ऐकणाऱ्या दुसऱ्या दुःखी पोराला सुटकेचा रस्ता दिसतो. "आत्महत्या महापाप, नरकात जागा" हेही नाही. समोर त्याची आई बसलेली असते. मी म्हणतो की पोरगं आजारी होतं, आजार आपल्याला दिसला नाही, आणि इथं बसलेल्यांपैकी कुणाच्या मनात तसं येत असेल तर मी हा इथंच बसलोय, चहा झाल्यावर भेटा. एकदा तिघं भेटली. त्यातले एक आजोबा होते.

बापाला कसं पटवायचं

आई ऐकते. बाप अडतो. "वेड्यांच्या डॉक्टरकडे नेलं तर पोरीचं लग्न कसं होणार?" त्याच्याशी वाद घालू नका. आपल्याकडे जे आहे ते वापरा. मी म्हणतो, "माझ्या नावावर जा. कुणी विचारलं तर सांग, महाराजांनी सांगितलंय." गावात हे कारण चालतं, त्यावर कोणी पुढं विचारत नाही. शक्य असेल तर पहिल्या खेपेला बरोबर जा. मी गेलोय, बाहेरच्या बाकड्यावर टिळा-टोपीत बसलेला महाराज बघून रांगेतल्या इतर बायकांनाही हायसं वाटतं. तज्ज्ञ जिल्हा रुग्णालयात भेटतात, आपल्या गावातली आशाताई वाट सांगते. येरवडा, ठाणे, नागपूर, रत्नागिरी ही नावं काढू नका. तिथं सरकारी मनोरुग्णालयं आहेत आणि ती चांगलं काम करतात, पण नाव ऐकलं की बाप उठून जातो. शंभरातल्या नव्व्याण्णव पोरांना तिथवर जावंही लागत नाही.

फोनवर बोलायचं असेल तर टेली-मानसचा नंबर 14416. सरकारी आहे, फुकट आहे, रात्री दोनलाही उचलतात, मराठीत बोलतात. पोरगं स्वतः लावू शकतं, तुम्हीही "असं पोरगं आलंय, काय करू" म्हणून लावू शकता. मी दोनदा लावलाय. पोराला मारहाण होत असेल, घरातून पळालं असेल, बालविवाह ठरत असेल तर 1098.

शिबिर घेत असाल तर

उन्हाळ्यातली वारकरी बालसंस्कार शिबिरं आता गावोगाव होतात. 2015-16 च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणात 13 ते 17 वयाच्या मुलांत मानसिक आजाराचं प्रमाण 7.3 टक्के निघालं होतं. म्हणजे त्या वयाची शंभर पोरं तुमच्या मंडपात पखवाजाचे बोल घोकत असतील तर सात जणांचं काहीतरी दुखतंय असं धरूनच चाला.

मी दहा वर्षांचा असताना शिकायला आळंदीत एका ठिकाणी राहिलो. नाव घेत नाही, ते आता राहिलेलंही नाही. घरची आठवण यायची आणि रात्री अंथरूण ओलं व्हायचं. सकाळी काकड्याला ती ओली गोधडी डोक्यावर घेऊन उभं करायचे. मी पन्नाशीला आलो, अजून काकड्याला कापूर पेटला की मला आधी त्या गोधडीचा वास येतो, मग कापराचा. म्हणून माझ्या शिबिरात एका कोपऱ्यात दहा जादा सतरंज्या असतात, आणि एका मावशींना सांगून ठेवलेलं असतं की पहाटे साडेतीनला गुपचूप बदलायच्या, कुणाशी बोलायचं नाही. छडी नाही. पहिले तीन दिवस संध्याकाळी घरी फोन, नंतर एकाआड एक दिवस. चौथ्या दिवशीही जे पोरगं जेवत नाही त्याला घरी पाठवायचं, त्यात आपला कमीपणा नाही.

महाराजांचे पाय चेपायला पोरांना खोलीत बोलवायची रीत आहे. ती बंद करा. तुमचं मन कितीही स्वच्छ असो, तुमच्या शेजारच्या खोलीतल्याचं असेलच असं नाही. झोपायला पोरांच्या हॉलमध्ये एक नव्हे, दोन मोठी माणसं. कुठल्या पोरानं अंगचटीचं काही सांगितलं तर मंडळाची बैठक घेऊन मिटवत बसू नका. 2012 च्या पॉक्सो कायद्यानं पोलिसांना कळवणं बंधनकारक आहे, न कळवणं हाही गुन्हा, मग समोरचा कितीही मोठ्या फडाचा असो. हे वाचून काही मंडळी माझ्यावर रागावतील. रागावू द्या.

शेवटचं काम सगळ्यात सोपं. सप्ताहाची पत्रिका छापताना अन्नदात्यांची नावं, मंडपवाला, स्पीकरवाला, सगळे असतातच. त्यात खाली एक ओळ घाला: "मनाच्या त्रासासाठी मोफत फोन 14416". आमच्या पत्रिकेत गेली तीन वर्षं असते. पहिल्या वर्षी प्रेसवाल्याचा फोन आला, "महाराज, बाकीचे पाच आकडे लिहायचे राहिलेत, आणि हे कोण महाराज, गावाचं नाव काय टाकू?"